मराठवाड्याच्या उन्हात वाइनचा घरगुती संग्रह: साठवण, चाखणे आणि त्यामागचे विज्ञान

लातूर, परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला, की स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. वाइनविषयी जे लिहिले जाते ते मात्र बहुधा युरोपातल्या थंड, ओलसर तळघरांना समोर ठेवून लिहिलेले असते, आणि ते सल्ले जसेच्या तसे उचलून आपल्याकडे कोणी बाटल्या जमवू लागला, तर दोन उन्हाळ्यांनंतर त्याच्या कपाटात महागडी पण निस्तेज झालेली वाइन उरते. म्हणून मराठवाड्यात ज्याला वाइनची हौस आहे, त्याने पहिली खरेदी बाटलीची करू नये, थर्मामीटरची करावी, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे कळण्यासाठी बाटलीच्या आत काय चाललेले असते हे आधी पाहावे लागते.

पिकलेल्या द्राक्षाच्या रसात भरपूर साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ही साखर खाऊन तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. या क्रियेला किण्वन म्हणतात. दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर संपली, की साधारण १ टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेला रस पूर्णपणे आंबला, तर १३ टक्क्यांच्या आसपासची कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली वाइन मिळते. काळ्या द्राक्षांचा रससुद्धा बहुतेक वेळा रंगहीनच असतो, रंग असतो तो सालीत. साल आणि बियांसह रस आंबवला की रेड वाइन होते, आधी रस पिळून साली बाजूला केल्या की व्हाइट, आणि थोडेच तास साली ठेवल्या की रोझे. साली आणि बियांतून रंगाबरोबर टॅनिन नावाची तुरट द्रव्येही उतरतात. वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे का असतात, ते यातून कळते. जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांत किंवा धाराशिव, लातूरकडे पिकणारी थॉमसन सीडलेससारखी खाण्याची द्राक्षे पातळ सालीची आणि बिनबियांची असतात. ताटात ठेवायला जे गुण उत्तम ठरतात, ते रेड वाइनसाठी उपयोगाचे नसतात.

तयार झालेली वाइन म्हणजे साधारण ८५ टक्के पाणी, १२ ते १४ टक्के अल्कोहोल, आणि उरलेल्या अगदी थोड्या भागात आम्ले, टॅनिन, रंगद्रव्ये आणि शेकडो गंधद्रव्ये. व्हिस्कीची बंद बाटली दहा वर्षांनी उघडली तरी जवळपास तशीच असते. वाइनचे तसे नाही. तिच्यातील आम्ले, अल्कोहोल आणि टॅनिन एकमेकांशी आणि बुचातून झिरपणाऱ्या किंचित ऑक्सिजनशी सतत अभिक्रिया करत राहतात. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तुरटपणा मऊ होतो, रंगद्रव्यांसह त्यांचा काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो, ताज्या फळांचा वास मावळतो आणि सुकामेवा, चामडे, पावसानंतरची माती यांची आठवण करून देणारे वास वर येतात. हे सारे सावकाश आणि प्रमाणात घडले, तर त्याला वाइन मुरणे म्हणतात.

उष्णता नेमका इथेच घात करते. रासायनिक अभिक्रियांविषयीचा एक ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचा वेग साधारण दुपटीने वाढतो. वाइनसाठी आदर्श समजले जाणारे तापमान १२ ते १४ अंश आहे, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बंद खोलीतील कपाट ३५ अंशांच्या पुढे सहज जाते. पण उन्हाळ्यात वाइन चौपट वेगाने मुरते, एवढाच याचा अर्थ नाही. सगळ्या अभिक्रियांचा वेग सारख्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे उष्णतेत वाइन लवकर मुरण्याऐवजी शिजते. वाइनला ऑक्सिजनपासून वाचवणारा सल्फर डायऑक्साइड भराभर खर्च होतो, व्हाइट वाइन पिवळसर तपकिरी होते, आणि रेडमध्ये ताज्या जांभळा-करवंदांच्या जागी पाकात आटवलेल्या फळांचा वास येतो.

याशिवाय एक साधे भौतिकशास्त्र आहे. तापमान २० वरून ४० अंशांवर गेले, की ७५० मिलीलिटर वाइन सुमारे ५ मिलीलिटरने फुगते. बूच आणि वाइन यांच्यामध्ये जी हवेची पोकळी ठेवलेली असते, तीही साधारण एवढीच असते. आतला दाब वाढून बूच वर सरकते, कडेने थोडी वाइन झिरपते, आणि रात्री गारवा आला की वाइन आकसून बाहेरची हवा आत ओढते. उन्हाळा पाहिलेली बाटली हातात घेऊन नीट न्याहाळली, तर हे सारे दिसते. बुचाचा माथा काचेच्या काठाच्या वर आलेला असतो, गळ्यावरचे वेष्टन बोटांनी फिरवून पाहिले तर जागचे हलत नाही, कारण आतून ते चिकटलेले असते, आणि बूच काढल्यावर त्याच्या एका बाजूला तळापासून माथ्यापर्यंत गेलेली जांभळी रेघ आढळते. दुकानातून बूचबंद बाटली घेताना एवढी तपासणी दोन मिनिटांत होते आणि ती अवश्य करावी, कारण बाटली आपल्या घरी येण्याआधी गोदामात आणि ट्रकमध्येही उन्हाळा काढून आलेली असू शकते.

उष्णतेच्या मानाने बाकीच्या गोष्टी सांभाळणे सोपे आहे. प्रकाशामुळे, विशेषतः पारदर्शक बाटलीतील व्हाइट आणि रोझे वाइनमध्ये, काही दिवसांतच उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो, म्हणून बाटल्या अंधारात ठेवाव्यात. हवा फार कोरडी असेल तर नैसर्गिक बूच सुकून आकसते, यासाठी बूचबंद बाटल्या आडव्या ठेवतात. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना ते बंधन नाही, आणि आज भारतीय वाइनपैकी बऱ्याच फिरकीच्या झाकणातच येतात. सततची थरथर टाळावी, एवढे पुरे.

आता घरात जागा कोणती, हे पाहू. जुन्या गावांतील जाड पांढऱ्या मातीच्या भिंतींची माळवदाची घरे आणि वाड्यांतील तळघरे यांचा वाइनच्या दृष्टीने मोठा गुण असा, की बाहेरचे तापमान दिवसात पंधरा अंशांनी वर-खाली झाले तरी आत फारसा फरक पडत नाही. ज्वारी वर्षानुवर्षे टिकावी म्हणून आपल्याकडे जमिनीत पेव काढत असत, आणि युरोपातील तळघराचे तत्त्वही पेवासारखेच आहे: जमिनीखाली काही हात गेले, की दिवस आणि रात्र यांतील फरक पोहोचत नाही. तरीही मराठवाड्यातील तळघराचे तापमान फ्रान्सइतके खाली येणार नाही, हे ध्यानात ठेवावे, कारण जमिनीच्या आतले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिरावते आणि आपली सरासरी २५ अंशांहून अधिक आहे. अशा जागी वाइन काही महिने सुखरूप राहील, पण तिथे ती पाच-सात वर्षे मुरवू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर आठवडाभर वेगवेगळ्या जागी ठेवून पाहावा. पोटमाळा, स्वयंपाकघरातील ओटा आणि फ्रीजच्या वरची जागा सर्वांत वाईट ठरते; उत्तरेकडच्या खोलीतील जमिनीलगतचे, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट त्यातल्या त्यात बरे.

ज्यांना मोजक्या बाटल्या वर्षभराहून अधिक ठेवायच्या आहेत, त्यांना वाइन कूलर घेण्याला पर्याय नाही, आणि इथे एक तांत्रिक भेद ठाऊक असणे आवश्यक आहे. बाजारातील लहान आणि स्वस्त कूलर बहुधा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेच्या प्रवाहाने गार करणारे असतात. ते आवाज करत नाहीत आणि थरथरतही नाहीत, परंतु खोलीच्या तापमानापेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जाऊ शकतात. खोली २५ अंशांवर असेल तेव्हा ते १२ अंश दाखवतील. बीडमध्ये मे महिन्याच्या दुपारी खोली ४० अंशांवर गेली, की तेच यंत्र २० ते २५ अंशांवर अडकेल आणि दिवसरात्र वीज ओढत राहील. आपल्याकडे कॉम्प्रेसरचाच कूलर घ्यावा, आणि त्याच्या मागील पट्टीवर हवामानाचा वर्ग पाहावा. 'एन' वर्गाची यंत्रे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. विक्रेते ही माहिती आपणहून क्वचितच देतात. भारनियमनाची मात्र फार चिंता करू नये. भरलेल्या बाटल्या सावकाश तापतात, त्यामुळे दार उघडले नाही तर दोन-तीन तासांत वाइनचे काही बिघडत नाही. घरातील नेहमीचा फ्रीज ४ अंशांच्या आसपास असतो आणि त्यातली हवा कोरडी असते, पण उन्हाळ्याचे तीन महिने बाटली पोटमाळ्यावर ठेवण्यापेक्षा तो शतपटीने बरा.

एवढे सांभाळायचे असेल तर संग्रह लहानच असावा, हे ओघाने आले. जगातील बहुसंख्य वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि ठेवल्याने सुधारत नाहीत. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यो ब्लां या द्राक्षांच्या भारतीय व्हाइट वाइन आणि रोझे या ताज्याच घ्याव्यात. काही रेड वाइन मात्र थंड जागी काही वर्षे छान राहतात. फ्रातेलीची 'सेट्टे', सुलाची 'रासा', ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' ही त्याची परिचित उदाहरणे. लेबलवरचे वर्ष द्राक्षांच्या काढणीचे असते आणि ते वाचताना आपला शेतीचा हंगाम आठवावा. महाराष्ट्रातला बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फ्रान्समध्ये काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. त्यामुळे २०२४ हेच वर्ष लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते, आणि ताजेपणावर जगणाऱ्या व्हाइट वाइनमध्ये हे अंतर जाणवू शकते.

वर्षाची खरेदी डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावी. नाशिक किंवा अकलूजकडच्या वायनरीतून बाटल्या आणायच्या असतील, तर त्या गाडीच्या डिकीऐवजी थर्माकोलच्या पेटीत ठेवाव्यात आणि वाटेत जेवायला थांबताना गाडी उन्हात उभी करू नये; बंद गाडीच्या आतील हवा बाहेरच्या तापमानाच्या कितीतरी वर जाते. खरेदीपूर्वी कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. महाराष्ट्रात मद्य बाळगणे, नेणे आणि पिणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येते. त्यासाठी परवाना लागतो आणि परवानाधारकाला किती साठा बाळगता येईल याला मर्यादा असते. सध्याची मर्यादा जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घेणे सर्वांत चांगले.

संग्रहाचा खरा आनंद चाखण्यात आहे, आणि चाखण्याचे मोठे काम जीभ करत नाही, नाक करते. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच चवींपलीकडे जिभेला फारसे कळत नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातील बराच भाग घशामागून नाकात पोहोचणारा गंध असतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, तो तोंडात फिरवा आणि मग नाक सोडा. गंध एकदम उमलून आल्याचा जो अनुभव येतो, त्यानंतर हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. यासाठीच ग्लास वर निमुळता होणारा असावा आणि भरगच्च भरू नये. चाखण्यासाठीचा जो आंतरराष्ट्रीय मानक ग्लास १९७७ मध्ये ठरवला गेला, त्यात सुमारे २१५ मिलीलिटर मावते आणि वाइन ओततात ती फक्त ५० मिलीलिटर, म्हणजे गंधाला वर जमायला जागा राहते.

तापमान इथेही महत्त्वाचे ठरते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा सल्ला १६ ते १८ अंशांच्या खोल्यांमधून आलेला आहे. आपल्या ३४ अंशांच्या खोलीत तीच वाइन ओतली तर अल्कोहोल नाकात झोंबते आणि फळांचा गंध दबून जातो, म्हणून रेड वाइनसुद्धा आपल्याकडे अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडावी. व्हाइटसाठी ८ ते १० अंश योग्य.

तोंडात घोट घेतल्यावर स्वतःला काही प्रश्न विचारावेत. गालांच्या आतून लाळ सुटली का? ते आम्लाचे लक्षण. जीभ आणि हिरड्या कोरड्या, खरखरीत झाल्या का? ते टॅनिन. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटून ती बाहेर काढते, त्यामुळे तोंडातील बुळबुळीतपणा जातो. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर होते ते हेच. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळली, तेही पाहावे.

गंधांना नावे देणे अनेकांना अवघड वाटते, कारण पुस्तकांत ब्लॅककरंट आणि गूजबेरी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनमधील गंधांची गटवार मांडणी करणारे गंधचक्र प्रसिद्ध केले, त्यामागचा विचार असा होता, की वाइनचे वर्णन प्रत्यक्ष हुंगून पडताळता येईल अशा शब्दांत व्हावे. मग आपण आपल्याच स्वयंपाकघरातून पडताळणी करावी. लहान वाट्यांमध्ये कुटलेली काळी मिरी, लवंग, चिरलेली ढोबळी मिरची, पिकलेला पेरू, जांभूळ आणि भाजलेले सुके खोबरे ठेवून, आधी वाटी आणि मग ग्लास हुंगावा. ही जुळणी काल्पनिक नाही. ढोबळी मिरचीत असलेली पायराझीन गटातील द्रव्ये सोव्हिन्यो ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यो या द्राक्षांतही असतात. पेरूची आठवण करून देणारी गंधकयुक्त द्रव्ये सोव्हिन्यो ब्लांमध्ये सापडतात. आणि खोबऱ्याचा, व्हॅनिलाचा वास ओकच्या पिंपातून येतो. शिराझ या रेड वाइनमधील मिरीचा वास तर काळ्या मिरीतलाच आहे: रोटंडोन नावाचे ते द्रव्य ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये उजेडात आणले. त्याच संशोधनात असेही दिसले, की सुमारे पाचपैकी एका व्यक्तीला रोटंडोनचा वास येतच नाही. एकाच टेबलावर एकाला मिरी जाणवते आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

मनाची फसगत मात्र सर्वांचीच होते. फ्रान्समधील बोर्दो येथील एका प्रयोगात, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली गेली, आणि त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. रंग, किंमत आणि लेबल नाकाला काय सांगायचे ते आधीच सांगून ठेवतात. म्हणून घरातही बाटल्या कागदात गुंडाळून चाखाव्यात आणि नोंद वहीत आधी लिहून मगच कागद काढावा.

दोषही ओळखता यावेत. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट वास म्हणजे बुचातून उतरलेले टीसीए नावाचे रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेही नाकाला पुरते. शिरक्याचा किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे जिवाणूंचे काम. तळाशी दिसणारे काचेसारखे स्फटिक मात्र टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि ते निरुपद्रवी आहेत.

आपल्या जेवणाबरोबर वाइन निवडताना तिखटाचा विचार आधी करावा. तिखटाने तोंड भाजलेले असताना अल्कोहोल ती आग वाढवते आणि टॅनिन अधिक कोरडे लागते, त्यामुळे येसर आमटी किंवा काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर कडक रेड वाइन बहुधा जमत नाही. किंचित गोडसर आणि थंड शेनिन ब्लां तिथे फार चांगली लागते. संभाजीनगरच्या नान-खलियात मात्र मटणाची चरबी आणि प्रथिने टॅनिनला गुंतवून ठेवतात, आणि शिराझ त्याच्याबरोबर मऊ वाटते. हिवाळ्यात हुरडा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कोरडी स्पार्कलिंग वाइन मला सर्वांत आवडते, कारण आम्ल आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन नेतात.

अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेले आहे, आणि सुरक्षित म्हणावी अशी मात्रा नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. हौस करणाऱ्याने हे माहीत असूनच हौस करावी. चाखताना थुंकण्यासाठी भांडे ठेवणे हा जगभरच्या चाखणाऱ्यांचा रिवाज आहे. एका बाटलीतून ५० मिलीलिटरचे १५ ग्लास निघतात, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून चाखले तर कोणालाही फार पिण्याची वेळ येत नाही. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस चांगली राहते.

उष्णतेविषयी वर जे लिहिले आहे, ते कोणालाही स्वतः तपासता येते. फेब्रुवारीत एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या घ्याव्यात. त्यासाठी स्वस्त सोव्हिन्यो ब्लांही चालेल. एक कूलरमध्ये किंवा फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसरी नेहमीच्या कपाटात. पावसाळा लागला की दोन्ही सारख्याच थंड कराव्यात, आणि घरातील एकाने इतरांच्या नकळत प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवावेत, दोन एका बाटलीतले आणि एक दुसरीतला. वेगळा ग्लास कोणता, एवढेच ओळखायचे. केवळ अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून शक्य तेवढ्या जणांना बसवावे, ग्लासांचा क्रम बदलून फेरी पुन्हा घ्यावी, आणि उत्तरे एकमेकांना न दाखवता कागदावर लिहावीत.